उत्तरेचं पाणी आधी उठतं

काम एका वाक्यात सांगण्यासारखं होतं. खाडीच्या मधोमध वाळूचं एक लांबट बेट, बेटावर साठ घरं, आणि ती साठ घरं नक्की कुठल्या जिल्ह्यात, ते शोधून यायचं!

ऐकायला गंमत वाटते, पण बेटावरच्या लोकांना त्यात गंमत नव्हती. खाडीच्या दक्षिण काठावर आपला जिल्हा, उत्तर काठावर शेजारचा. बेटापाशी खाडी फुटते, एक फाटा दक्षिणेकडून वाहतो, एक उत्तरेकडून. नियम असा की जो फाटा जास्त खोल, त्याच्या मधून जिल्ह्याची हद्द. उत्तरेचा फाटा खोल निघाला तर बेट आपलं, दक्षिणेचा निघाला तर शेजाऱ्याचं. पन्नास वर्षांत खाडीने इतक्या वेळा अंग फिरवलं होतं की दोन्ही जिल्हे हात झटकून मोकळे. धक्का बांधायचा म्हटलं की हे म्हणणार त्यांना विचारा, ते म्हणणार यांना विचारा. डॉक्टरची होडीसुद्धा यायची नाही. दक्षिण काठावरचा दवाखाना अर्ध्या तासावर, आणि उत्तरेकडच्या जिल्ह्याचं ठिकाण दीड दिवसावर. म्हणून बेटावरचे लोक एकच मागत होते, आम्हाला दक्षिणेत घ्या, पण एकदाचं कागदावर घ्या!

जिल्ह्याचा नवा नकाशा छापायला जाणार होता. त्याआधी महिन्यातल्या सगळ्यात खोल ओहोटीला दोन्ही फाट्यांची खोली एकाच दिवशी मोजायची. आणि नकाशाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. ‘मोजणी कोणी केली’. तिथे एकच नाव येतं.

त्या चौकटीसाठी आमचा मोजणीदार एकोणीस वर्षं झुरत होता.

एकोणीस वर्षं! दलदल, काटे, जळवा, कुत्री, सगळं तुडवून झालं होतं. कार्यालयात मागच्या खोलीत नकाशांचं लोखंडी कपाट होतं, त्याचे खण ओढले की कुरकुरायचे, आणि त्या खणांतल्या निम्म्या कच्च्या कागदांवर याचं अक्षर होतं. पण छापील नकाशावर? एकदाही नाही. दर वेळी पथकाचा प्रमुख दुसराच कोणीतरी.

आणि या वेळी प्रमुख कोण? त्याचा मेहुणा!

बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. याच मोजणीदाराने सहा वर्षांपूर्वी साहेबांचे उंबरे झिजवून त्याला चिकटवला होता. मापाची दोरी कशी धरायची ते याने शिकवलं, चिखलात पाय कसा टाकायचा ते याने शिकवलं, पहिल्या दौऱ्याला स्वतःचे बूट दिले. आणि पठ्ठ्याने खात्याची परीक्षा पहिल्या फटक्यात काढली! मोजणीदार त्याच परीक्षेत तीनदा आपटला होता.

बरं, मेहुणा माजला असता तर चाललं असतं. पण तो माजत नव्हता. कार्यालयात चार लोकांत उठून खुर्ची द्यायचा. “दाजी, तुम्ही बसा.” मोजणीदाराला वाटायचं, मेल्या, त्यापेक्षा एक कानाखाली दे!

निघायच्या दिवशी बायकोने भावासाठी लोकरीचे मोजे, स्वेटर, पोटदुखीच्या गोळ्या, बिस्किटांचे तीन पुडे अशी पिशवी भरली.

“आणि माझी?” मोजणीदाराने विचारलं.

“तुम्ही काय, जुनं खोड. तुमची तुम्ही भरा. आणि त्याच्याकडे लक्ष द्या हं, त्याला सर्दी लवकर होते.”

मोजणीदाराने आपली पिशवी आपण भरली. तळाशी जुनी, फुगलेली एक वही टाकली. का टाकली, ते त्याने स्वतःलाही नीट सांगितलं नाही.

पथक चार जणांचं. मोजणीदार, मेहुणा, साखळी-खांब उचलणारा म्हातारा शिपाई, आणि होडीवाली. शिपायाला सगळे डुलकी म्हणायचे, कारण तो कुठेही झोपायचा. खांबाला टेकून उभ्या उभ्यासुद्धा. होडीवाली बेटावरचीच, पन्नाशीची, हात वल्ह्यासारखे, एक गुडघा कामातून गेलेला. तिला सगळे मावशी म्हणायचे आणि तिच्या तोंडाला घाबरायचे.

बंदराच्या धक्क्यावर तिने दोघांना खालीवर पाहिलं आणि मोजणीदाराला म्हणाली, “साहेब, बसा पुढे.”

मोजणीदाराची छाती दोन बोटं वर आली.

“साहेब ते,” डुलकी जांभई देत म्हणाला. “हे त्यांचे दाजी.”

“असं होय? मग दाजी, तुम्ही मागे बसा. पाणी उपसायला माणूस लागतो.”

छाती होती तिथे गेली.

खाडीच्या तोंडाशी लाटा फुटत होत्या. आधी लांबून नुसती पांढरी रेघ दिसली, मग तिचा आवाज आला, मग होडीचं नाक आभाळाकडे गेलं! मावशी ओरडली, “उजवीकडे! सगळे उजवीकडे!” मोजणीदार चुकून डावीकडे गेला. दोन बादल्या पाणी आत! मेहुण्याने एका हाताने मोजणीच्या यंत्राची पेटी धरली, दुसऱ्याने मोजणीदाराचा दंड, आणि त्याला ओढून उजवीकडे घेतलं. होडी सावरली.

“शाब्बास, साहेब!” मावशी म्हणाली.

मोजणीदार खाली मान घालून पाणी उपसत राहिला. डबा भरायचा, फेकायचा. डबा भरायचा, फेकायचा. त्याच्या मनात दुसरंच काहीतरी भरत होतं, आणि ते फेकून देता येत नव्हतं.

आत शिरल्यावर खाडी एकदम शांत झाली. दोन्ही काठांना खारफुटीची झाडं मुळांवर उभी होती, जणू पाण्यातून जाताना कपडे वर उचलून धरलेत. बगळे चिखलात एक एक पाय मोजून टाकत होते. बेट दिसलं ते आधी वाळूची पट्टी म्हणून, मग पत्र्यांची छपरं, मग वाळत घातलेली जाळी. पोरं काठाकाठाने होडीबरोबर धावायला लागली. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की आज जिल्हा येणार!

दुपारी मावशीच्या शेडमध्ये मेहुण्याने बेत मांडला. शेड म्हणजे एक लांब खोली, कोपऱ्यात उलटी घातलेली होडी, डांबराचा डबा, भिंतीला टांगलेली एक लांब गुळगुळीत फळी. पालथ्या पिंपावर त्याने कागद पसरला.

“हे बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक. उद्या पाणी सगळ्यात खाली दीड वाजता. दाजी, तुम्ही मावशींच्या होडीतून दक्षिणेचा फाटा मोजा. मी आणि डुलकीकाका उत्तरेकडची दलदल चालत ओलांडतो, एक मैल आहे. ट्रकच्या टायरची ट्यूब नेतो, तिच्यावर बसून फाट्याच्या मधोमध जाऊन दोरीला बांधलेलं शिसं तळापर्यंत सोडतो. दोघांनी बरोबर दीडला माप घ्यायचं. अडीचपर्यंत आम्ही परत. बरोबर ना?”

बरोबर नव्हतं.

मोजणीदाराला ते पुरतं माहीत होतं. बारा वर्षांपूर्वी तो याच दलदलीत आला होता. उत्तरेचा फाटा समुद्राला सरळ भिडतो, त्यामुळे तिथे पाणी एक तास आधी उठतं. बंदराचा कागद दीड म्हणतो, तर उत्तरेला साडेबारालाच भरती सुरू! तेव्हा तो गुडघाभर पाण्यातून धडपडत परतला होता आणि हे सगळं वहीत लिहून ठेवलं होतं. ती वही आत्ता त्याच्या पायाशी पिशवीत होती.

त्याने तोंड उघडलं. मेहुणा वाट बघत होता, भुवया उंचावून, अगदी आदराने. त्या आदरानेच घात केला.

“तू प्रमुख आहेस,” मोजणीदार म्हणाला. “तुझं बरोबरच असणार.”

जिवावर उठायचा बेत नव्हता त्याचा, खरंच नव्हता. फार तर काय होईल? गुडघाभर पाण्यातून येतील, आकडा चुकलेला असेल, मग कार्यालयात आपण वही काढायची आणि सगळ्यांदेखत म्हणायचं, अनुभव परीक्षेत मिळत नाही बरं का! या विचाराने त्याला आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

बाहेर मावशी होडीच्या फटीत डांबर भरत होती. तिने मान वर न करता विचारलं, “उत्तरेचं पाणी आधी उठतं, ते साहेबांना ठाऊक आहे ना? की मी सांगू?”

“सगळं ठाऊक आहे त्यांना,” मोजणीदार म्हणाला. “कागद आहे त्यांच्याकडे.”

दुसऱ्या दिवशी ऊन कडक होतं. अकरा वाजता मेहुणा आणि डुलकी निघाले. मेहुण्याच्या पाठीला यंत्राची पेटी, डुलकीच्या गळ्यात ट्यूब. दोन ठिपके झाले, मग दलदलीच्या चकाकीत विरघळले.

मोजणीदाराने दक्षिणेचा फाटा मोजला. झकास मोजला. काठापासून काठापर्यंत वीस ठिकाणी शिसं सोडलं, आणि बरोबर दीडला सगळ्यात खोल जागी दोरी ताठ झाली. चार मीटर दहा. वहीत आकडा लिहिला, खाली रेघ मारली. एवढं नीटनेटकं काम, आणि ते जाणार कोणाच्या नावावर? त्याने आणखी एक रेघ मारली.

मावशी वल्हं थांबवून बेटाच्या टोकाकडे बघत होती.

“दाजी, तो चर बघा.”

दलदल आणि बेट यांच्यामध्ये एक चर होता. सकाळी त्यात घोटाभर पाणी होतं. आता तो भरला होता, आणि पाणी उलटं धावत होतं. फेस घेऊन, काड्या घेऊन, आतल्या बाजूला!

“तो चर एवढा... बारा वर्षांपूर्वी तर उथळ होता,” मोजणीदार म्हणाला.

“बारा वर्षांपूर्वी माझे दात पण होते! गेल्या दोन वर्षांत पुरुषभर खणला गेलाय तो. साहेब लवकर परत फिरणार होते ना? त्यांना ठाऊक आहे म्हणालात.”

मोजणीदाराने दोरी गुंडाळायला घेतली.

“दाजी?”

“नाही ठाऊक.”

“काय?”

“मी सांगितलंच नाही त्याला.”

मावशीने त्याच्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं दुसरं वल्हं उचलून त्याच्या मांडीवर आपटलं.

“मार!”

दोघांनी वल्हं मारलं. बेटाचं टोक आलं. शेडपाशी मावशीने होडी वाळूत घुसवली, लंगडत धावली, भिंतीवरची फळी काढून आणली. पुन्हा पाण्यात! टोकाला वळसा घातला आणि चराच्या प्रवाहाने होडी हिसकली. दहा हात पुढे, पाच हात मागे. मोजणीदाराच्या तळव्यांची सालं निघाली. चराच्या पलीकडच्या काठाला मावशीने लांब बांबू रोवून होडी धरली.

तीनशे पावलांवर दोन आकृत्या. एक उभी, एक अर्धीच!

“डुलकी रुतलाय,” मावशी म्हणाली. “ऐका. चालायचं नाही, चाललात की तुम्ही पण गेलात. फळीवर एक गुडघा टेका, दुसऱ्या पायाने मागे ढकला. आम्ही शिंपले काढायला अशाच जातो. माझा गुडघा धड असता तर मीच गेले असते, तुमच्यावर सोडलं नसतं. जा!”

मोजणीदाराने गुडघा टेकला, पाय मारला. फळी सुटली आणि तो तोंडावर पडला! नाकात चिखल, डोळ्यात चिखल. पुन्हा गुडघा. पुन्हा पाय. सप्प! सप्प! फळी सरकायला लागली. पाणी वीतभर चढलं होतं, त्यामुळे उलट सोपं जात होतं, आणि म्हणूनच भीती वाटत होती. शंभर पावलं. दोनशे. छातीत भाता चाललेला.

डुलकी मांड्यांपर्यंत आत होता. पाणी कमरेला लागलं होतं. आणि त्याच्या छातीखाली काय होतं? यंत्राची पेटी! कार्यालयातली सगळ्यात महागडी वस्तू मेहुण्याने चिखलात आडवी घातली होती, म्हाताऱ्याला रेलायला टेकू म्हणून. ट्यूब शिंपल्यांवर फाटून बाजूला लोंबत होती. मेहुणा स्वतः पोटावर पालथा पडून दोन्ही हातांनी डुलकीच्या पायाभोवतीचा चिखल उपसत होता. तो एकटा कधीच चर ओलांडून गेला असता. गेला नव्हता.

इथेसुद्धा पहिलाच आला का रे, मोजणीदाराच्या मनात चमकून गेलं. जीव जायची वेळ, आणि पोटात दुखायचं थांबत नाही!

“दाजी!” मेहुण्याचा चेहरा उजळला. “काका, म्हटलं नव्हतं? दाजी येणार!”

“झोप उडाली बघा माझी,” डुलकी म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

“बूट!” मोजणीदार ओरडला. “बुटांनी धरलंय त्याला. नाड्या काप! मी वरून ओढतो, तू पायाशी पाणी जाऊ दे, चिखल सैल होतो पाण्याने!”

मेहुण्याने श्वास घेतला, डोकं पाण्याखाली घातलं. बुडबुडे. वर आला. पुन्हा खाली. एक पाय सुटला! पाणी डुलकीच्या छातीला. मोजणीदाराने त्याच्या काखेत हात घातले, फळीवर रेलला, ओढलं. काही नाही. ओढलं. चिखलाने मोठा आवाज केला आणि म्हातारा मुळ्यासारखा वर आला!

“फळीवर पालथा पड! हात पुढे!”

दोघं दोन बाजूंनी फळी ढकलायला लागले. आता पाय टेकतच नव्हते, अर्धं पोहणं, अर्धं लोंबकळणं. पेटी मागे राहिली. एकदा तिचा कोपरा दिसला, मग दिसला नाही. चरापाशी मावशीने मापाची दोरी फेकली. चुकली. पुन्हा फेकली. मेहुण्याने झेलली, फळीला गुंडाळली. “ओढा!” आणि नेमका तेव्हाच प्रवाहाने मोजणीदाराचा हात फळीवरून सोडवला. तो खाली गेला. हिरवं, मग काळं. मग कॉलरला हिसका! मेहुण्याने एका हाताने फळी, एका हाताने कॉलर धरली होती, आणि खोकत ओरडत होता, “दाजी, सोडू नका! ताई मला मारून टाकेल!”

मावशीने तिघांना एक एक करून होडीत घेतलं.

शेडमध्ये चहा झाला. बेटावरची निम्मी माणसं दारात. डुलकी घोंगडीत गुंडाळलेला, पोटऱ्या शिंपल्यांनी चिरलेल्या. मेहुणा अजून कुडकुडत होता, पण खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली तेव्हा हसत होता. पिशवीत आकड्यांचा कागद कोरडा ठणठणीत.

“यंत्र गेलं, पण माप माझ्याकडे आहे. उत्तरेचा फाटा, दीड वाजता, पाच मीटर चाळीस! तुमचं, दाजी?”

“चार दहा.”

“म्हणजे एक मीटर तीसचा फरक!” तो दाराकडे वळला. “बेट आपलं!”

दारात एकच गलका. मेहुण्याने कागद पिंपावर ठेवून मोजणीदारापुढे पेन धरलं. “साक्षीदार म्हणून सही करा.”

मोजणीदाराने पेन घेतलं. मावशी पलीकडून त्याच्याकडे बघत होती.

आकडा खोटा होता. दीडला उत्तरेत तासाभराची भरती चढलेली होती, ती त्या पाच चाळीसमध्ये आली होती. उत्तर काठावरचे लोक काही आंधळे नव्हते. नकाशा छापला की ते महिन्याभरात स्वतः मोजणार, आकडा फाडून टाकणार. मग चौकटीतल्या नावाचं काय होईल? जन्मभर लोक म्हणतील, हाच तो, ज्याला ओहोटी कळत नाही! आणि त्यासाठी मोजणीदाराला काहीच करायचं नव्हतं. फक्त सही. खरं सांगायचं तर तो विचार त्याला गोड लागला, अगदी जिभेवर आल्यासारखा.

पण आकड्याकडे बघवेना. इतक्या वर्षांत हजार गोष्टी चुकल्या असतील, पण चुकीच्या मापाखाली, माहीत असताना, त्याने कधी सही केली नव्हती. आणि घोंगडीतून बाहेर आलेले डुलकीचे दोन अनवाणी पाय थरथरत होते.

“हा आकडा तासभर उशिरा घेतलाय,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

मोजणीदाराने पिशवीतून वही काढली, पान उघडून पिंपावर ठेवलं. मेहुण्याने वाचलं. वरची तारीख वाचली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

“हे बारा वर्षांपूर्वीचं आहे.”

“हो.”

“काल हे तुमच्याकडे होतं?”

“होतं.”

“मग विसरलात?” मेहुणा जवळजवळ विनवल्यासारखं विचारत होता.

“नाही. तुझं नाव लागणार नकाशावर, ते बघवत नव्हतं. वाटलं, तुझी फजिती व्हावी. चर खणला गेलाय ते माहीत नव्हतं, देवाशप्पथ नव्हतं. पण बाकीचं माहीत होतं.”

दारातला गलका थांबला होता. मेहुण्याने वही मिटली. बोलला तो डुलकी.

“दोन वर्षांनी निवृत्त होणार होतो मी. तुम्ही आजच उरकत होतात की.”

कोणी हसलं नाही. मग मावशी म्हणाली, “आणि आता आमचं बेट? गेलं परत लोंबकळत?”

“पुन्हा मोजावं लागेल. पुढच्या महिन्याच्या ओहोटीला.”

“आणि तेव्हा उत्तर उथळ निघालं तर?”

“तर उथळ.”

“गप्प बसला असतात तर निदान महिनाभर तरी आम्ही कुठल्यातरी जिल्ह्यात असतो,” ती म्हणाली आणि रिकामे कप गोळा करायला लागली. मोजणीदाराचा कप तिने तसाच ठेवला.

परतीच्या होडीत मेहुणा एवढंच बोलला, “ताईला मी सांगणार नाही, ते तुमचं तुम्ही बघा. पण अहवालात लिहिणार.”

लिहिलंही. मोजणीदाराच्या सेवापुस्तकात शेरा आला, पुढची पाच वर्षं बढतीचं नाव काढायचं नाही. बायकोला त्याने स्वतः सांगितलं, आणि त्यानंतर घरात जे झालं त्याच्यापुढे चिखल परवडला.

तीन आठवड्यांनी मेहुणा त्याच्या टेबलापाशी आला. या वेळी खुर्ची दिली नाही.

“उत्तरेचा फाटा तुम्ही मोजायचा. माझा राग गेलेला नाही. पण त्या पाण्याची वेळ तुम्हालाच कळते. दलदलीतून जाणार नाही, मावशी होडीने वळसा घालून नेतील. मी दुसरी होडी घेऊन दक्षिणेला थांबतो. दोन्हीकडे आपापली ओहोटी.”

“प्रमुख तूच?”

“मीच.”

पुन्हा खाडी, पुन्हा लाटा. या वेळी मोजणीदार न सांगता उजवीकडे गेला. बारा वाजता होडी उत्तरेच्या फाट्याच्या मधोमध उभी होती. मावशी त्याच्याशी अक्षर बोलत नव्हती. त्याने फाट्यात खांब रोवला आणि पाण्याच्या रेषेवर नजर ठेवून बसला. रेषा खाली, खाली, खाली. बारा वीस. बारा पंचवीस. रेषा थांबली! एक काडी आली, खांबाला अडली, तिथेच तरंगत राहिली. ना इकडे, ना तिकडे.

“आत्ता!”

शिसं सुटलं. दोरी हातातून सळसळत गेली, टेकली, सैल झाली. त्याने ताणून धरली, वाचली. पुन्हा सोडली, चार हात पलीकडे. पुन्हा वाचली. मावशीचं वल्हं हवेतच राहिलं होतं.

“चार पंचावन्न,” तो म्हणाला.

“आणि दक्षिण मागच्या वेळी चार दहा होती,” मावशी म्हणाली. महिन्यातलं तिचं पहिलं वाक्य. “म्हणजे?”

“आज तिकडे काय निघतं ते बघू.”

तिकडे चार आठ निघालं. सत्तेचाळीस सेंटीमीटर! फार नाही. पण शेजारच्या जिल्ह्याने दहा वेळा मोजलं तरी पुसता येणार नाही एवढं. बेट दक्षिणेत आलं. पोरांनी वाळूत इतका आरडाओरडा केला की खारफुटीतले सगळे बगळे उठले. मावशीने एक पोरगं पकडून त्याला आपला जिल्हा कुठला ते तीनदा म्हणायला लावलं.

मोजणीचा कागद जागेवरच, शाईने भरायचा असतो. मेहुण्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले होते. त्याने शेडमधल्या पिंपावर कागद सरकवला.

“तुम्ही लिहा, दाजी. अक्षर तुमचं चांगलं आहे.”

मोजणीदाराने तारीख लिहिली. वेळा लिहिल्या. खोली लिहिली, दोन्ही फाट्यांची. मग पेन खाली उजवीकडे आलं.

“इथे?”

मेहुण्याने हात पुसायचं थांबवलं. क्षणभर वाटलं, तो काहीतरी मोठ्या मनाचं बोलणार. मोजणीदाराने मनातल्या मनात हात जोडले, नको, आज तरी नको.

“नियम काय आहे?” मेहुण्याने विचारलं.

“पथकप्रमुखाचं नाव.”

“मग ते लिहा.”

मोजणीदाराने लिहिलं. एक एक अक्षर, सुबक, काना-मात्रेसह, चौकटीच्या बरोबर मधोमध. पोटात तसंच दुखत होतं, अगदी पहिल्या दिवसासारखं. शेवटची रेघ ओढताना पेन इतकं दाबलं गेलं की कागद फाटला आणि शाई खालच्या पानावर उतरली.

“हळू,” मेहुणा म्हणाला.

मोजणीदाराने फाटलेल्या जागेवर अंगठा दाबून धरला, शाई वाळेपर्यंत.